साठ मिनिटांची कॅसेट

माझ्या नवऱ्याचं तीस वर्षांपासून एका माणसावर प्रेम आहे आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. बाईवर असतं तर मिरजगावच्या भर बाजारात दोघांची वरात काढली असती. पण हा माणूस, तोही कॅसेटमधला. किरण उजागरे त्याचं नाव. म्हटलं, दारू नाही, पत्ते नाहीत, एवढं एक खूळ आहे तर असू दे बापड्याला.

आमच्या ह्यांचं नाव गहिनीनाथ. मिरजगावात हायवेला लागून ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्याच्यामागंच आमचं घर. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, हे नवी तार भरून देतात. ह्यांचा कान असा, की शेतकऱ्यानं मळ्यातून फोन लावून तो मोटारीजवळ धरला तरी हे इकडून सांगणार, "व्होल्टेज कमी हाय. मोटार हळू फिरतीय. बंद कर, न्हाईतर जळंल." आजवर चुकले नाहीत. हा कान लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचीच शोभा झाली.

ती कॅसेट लग्नाच्या आधीची. हे नगरला आयटीआय करत होते. आता पोरांना हे सांगावं लागतं, की तेव्हा दुकानात कोरी कॅसेट घ्यायची आणि दुकानदार तिच्यावर आपल्याला पाहिजे ती गाणी भरून द्यायचा. पेपरात म्हणे कुठंतरी चार ओळी आल्या होत्या: मराठीत स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, गिटारवर गाणारं नवं नाव, किरण उजागरे, अल्बम 'उन्हाची सायकल'. एवढ्यावर हे पेटले. पुण्याची कुठली तरी छोटी कंपनी होती, ती थोड्याच कॅसेटी काढून बुडाली. नगरमध्ये एक कॅसेट आली होती, राधाकृष्ण नावाच्या दोस्ताच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात. ह्यांनी न ऐकताच भरायला टाकली. मिळाली तेव्हा वर हिरव्या शाईनं अल्बमचं नाव आणि गाणाऱ्याचं नाव, बस. फोटो नाही, काही नाही.

तेव्हापासून रोज दुपारचं जेवण झालं की दुकानाचं शटर अर्ध्यावर येणार आणि टेप लागणार. मधलंच एखादं गाणं लावा म्हटलं तर खपायचं नाही.

"अल्बम हाय तो, भेळ न्हाई. पहिल्यापासून ऐकायचा."

आणि ऐकताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी त्याला बोटानं स्टूल दाखवायचं. बाजू संपली, कॅसेट उलटली, की मग ह्यांचं कौतुक सुरू. "घाई न्हाई गं ह्या मानसाला. एकेक शब्द कसा वाळत घातल्यासारखा टाकतो. आनि बग, 'गेलो' न्हाई, 'आलो' न्हाई. सगळं 'येईन', 'जाईन', 'बघू'. मागं वळून बघतच न्हाई गडी!" मी भांडी घासता घासता हूं म्हणायचे. पण खरं सांगते, मलाही आवडायचा तो आवाज. जाड, दमलेला, पोटातून आलेला. त्यात एक घाटाचं गाणं होतं, 'घाटाखाली उतरताना ब्रेक मी नाही लावणार'. ते लागलं की हे चष्मा काढायचे.

"जिवाला कटाळलाय बिचारा," म्हणायचे. "एवढं सरळ सांगून टाकलं." माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा दहावा उरकून आले आणि शटर पूर्ण खाली ओढून तेच गाणं ऐकत बसले. बाहेरून मला हुंदके ऐकू येत होते.

आता सुकन्याचं सांगते. आमची एकुलती एक, नगरला कॉलेजात शिकते. बोलायच्या आधी तिला हा अल्बम पाठ झाला होता, कारण तिचा पाळणा दुकानात टेपच्या शेजारीच असायचा. आवाज तिचा मोकळा, वर जाणारा. शाळेत बक्षिसं, गणपतीत बक्षिसं, हरिनाम सप्ताहात म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवायची. पण किरण उजागरेचं गाणं सुरू केलं, की आमचे हे हात आडवा करणार. "खाली उतर. लई चढलीयस. आनि पळवू नको, मोटारला जादा व्होल्टेज दिल्यागत वाटतंय." मग पोर हनुवटी छातीला लावून जाड आवाज काढायची. घसा बसायचा, मी मिठाच्या गुळण्या द्यायचे. शेवटी हे म्हणायचे, "आवाज ग्वाड हाय तुजा. पन ह्या गाण्याचा न्हाई."

बाप प्रेमळ आहे हो, हात उगारला नाही कधी. पण गावानं शंभरदा 'वा' म्हटलं आणि बापानं एकदाही म्हटलं नाही, तर पोरीला काय लक्षात राहणार?

यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत आला. अल्बमला तीस वर्षं झाली, तो पहिल्यांदाच मोबाईलवर येणार, आणि त्याच दिवशी नगरला दुपारी कार्यक्रम, किरण उजागरे स्वतः गाणार. शिवाय जिल्ह्यातल्या नव्या गाणाऱ्यांनी एका गाण्याची क्लिप पाठवावी, निवड होईल त्याला स्टेजवर गायला मिळेल. खाली चित्र फक्त एका सायकलचं, भिंतीला टेकवलेली. ह्यांच्या हातातलं वायंडिंगचं वेटोळंच खाली पडलं.

मग काय, चार दिवस दुकानात सुकन्याची तालीम. घाटाचंच गाणं. खाली उतर, अजून खाली, सावकाश. तिचा आवाज पार बसला तेव्हा कुठं एक क्लिप ह्यांच्या मनासारखी झाली आणि ह्यांनी ती पाठवली. त्या संध्याकाळी पोर स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"आई, हे शेवटचं. त्या दिवशी आण्णा 'वा' म्हणाले तर गाईन. नाही म्हणाले तर सोडलं गाणं. मला आता माझाच आवाज नकोसा झालाय."

वीस वर्षांची पोर आणि हे बोलते? आणि ती बोलून बदलणारी नाही, बापावरच गेलीय.

मी काय केलं ते सांगते. आदल्या महिन्यात ती आमच्या कांदाचाळीत कांदा निवडत होती, एकटीच. क्रेटवर ताल धरून तेच घाटाचं गाणं म्हणत होती, तिच्या मनानं, वरच्या आवाजात, पळवत. मी दाराआडून मोबाईलवर घेतलं होतं, माझं मला ऐकायला. ते मी माझ्या फोनवरून पाठवून दिलं. आगाऊपणा म्हणा. आणि निवड झाल्याचा मेसेज आला तो माझ्याच फोनवर. मी नुसतं "निवडलं" म्हणून ओरडले. ह्यांना वाटलं आपली क्लिप. पेढे वाटले. मी खोटं बोलले नाही, फक्त बोलले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ओम्नी धुऊन पुसून निघालो. ही आमची गाडी जुनी, पण त्यात कॅसेटची टेप अजून चालते, म्हणून विकायचं नाव काढत नाहीत. ह्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि खिशात ती कॅसेट. तिच्यावर सही घ्यायची होती. मिरजगाव ते नगर हे एकच बोलत होते. "पाया पडल्यावर काय बोलू गं त्यांना?" लग्नात माझ्याशी पहिल्यांदा बोलतानाही एवढे घाबरले नव्हते.

सभागृह भरलं होतं. आम्हाला पुढून दुसऱ्या रांगेत बसवलं, कारण सुकन्याला मधून वर बोलवायचं होतं. पडदा उघडला. ड्रमवाला, कीबोर्डवाला, आणि मधोमध स्टुलावर एक बाई. पन्नाशीच्या पुढची, पिकलेले आखूड केस, जीन्सवर कुडता, मांडीवर गिटार.

"गिटारवाली दिसतीय," हे कुजबुजले. "नायतर बायको असंल त्यांची."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी म्हटलं, "अहो, बायकोला एवढ्या टाळ्या?"

बाई माईकजवळ वाकली आणि म्हणाली, "नमस्कार नगर. मी किरण. तीस वर्षं उशीर झाला, माफ करा."

आई गं! माझा हात आपोआप तोंडावर गेला. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. गावाची लाईट गेल्यावर सगळं कसं एकदम गप्प होतं, तसा माणूस गप्प झाला. दुसऱ्या हातानं मी सुकन्याचा हात घट्ट धरला होता.

पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसरा धक्का बसला. गाणं तेच, शब्द तेच, पण हे पळत होतं! आमच्या टेपवर ते गाणं चालत यायचं, म्हाताऱ्यासारखं. इथं ते उड्या मारत आलं. आणि आवाज? स्वच्छ, वरचा, हसरा. लोकांचे पाय हलत होते, मागची पोरं उभी राहून नाचत होती.

"पळवतीय," हे पुटपुटले. "लई पळवतीय. आनि चढलीय."

अहो, जिनं गाणं लिहिलं तिलाच हा माणूस पळवतीस म्हणत होता! मला हसूही येईना आणि रडूही येईना. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. प्रत्येक गाण्याला हे खुर्चीत थोडे थोडे खचत गेले. तिसरं संपताना सुकन्या माझ्या कानाशी आली, रडकुंडीला आलेली.

"आई, माझं गाणं तर खाली बसवलंय. हे सगळं वर वाजवतायत. मी मेले."

"चाळीतलं म्हण."

"काय?"

"चाळीत कांदा निवडताना म्हणत होतीस ते. मी तेच पाठवलंय. त्यांनी तेच निवडलंय. तुझ्या आण्णांचं नाही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या कानाखाली मारलीय. तेवढ्यात वरून किरणताई बोलायला लागली. "पुढचं गाणं घाटाचं. मी राजूरची. डोंगरातली. लहानपणी मास्तर असलेल्या माझ्या पप्पांची सायकल चोरून घेतली आणि उतारावर सोडून दिली. पाय वर, ब्रेक नाही. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. त्या आनंदाचं हे गाणं. आणि माझ्याबरोबर गाणार आहे मिरजगावची सुकन्या."

आनंदाचं! सासूबाईंच्या दहाव्याला हा माणूस ज्या गाण्यावर हमसून रडला, ते गाणं एका पोरीनं सायकल पिटाळल्याचं होतं. सुकन्या उठली, आणि तिच्या पलीकडे आमचे हेही उठले. मला वाटलं टाळ्या वाजवायला. तर हे वळले आणि लोकांचे पाय तुडवत सरळ मागं निघून गेले.

पोरीनं स्टेजवर जाऊन बघितलं तर बापाची खुर्ची रिकामी. मी खालून हातवारे करतेय, पण तिचं लक्ष त्या खुर्चीवरच. गिटार सुरू झाली, सुरुवातीची ओळ आली आणि निघून गेली, ही मुकी. किरणताईनं वाजवणं थांबवलं नाही. नुसतं हसून गिटारीच्या लाकडावर हातानं ठोका धरला, टक टक टकाटक, अगदी क्रेटवर धरतात तसा. माझी पोर दचकली. डोळे मिटले आणि सोडलं गाणं.

काय गायली! आई आहे म्हणून सांगत नाही. 'ब्रेक मी नाही लावणार' म्हणताना आवाज असा वर गेला, की किरणताईनं आपलं गाणं थांबवून नुसतं ऐकलं. सभागृह उभं राहिलं. माझ्या शेजारची अनोळखी बाई मला मिठी मारून रडली. आणि मी काय करत होते? मान मागं वळवून माझा नवरा शोधत होते. असा राग आला होता, की सापडला असता तर तिथंच धुतला असता.

सुकन्या खाली आली तेव्हा लोक तिचे फोटो काढत होते. ती माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "गेले ना उठून? संपलं मग."

"थांब तू," म्हटलं, आणि तिचा हात धरून तिला ओढतच मागं नेलं.

हे सापडले सगळ्यात मागं, साऊंडच्या टेबलापाशी. साऊंड सर्व्हिसवाल्याची कॉलर ह्यांच्या मुठीत होती. दोन पोरं सोडवत होती. साऊंडवाला म्हणजे कोण? तोच तो राधाकृष्ण! रेकॉर्डिंगचं दुकान केव्हाच बंद पडलं, आता तो कार्यक्रमांचं साऊंड बघतो.

"काय भरून दिलंस मला? कुनाचा आवाज हाय हा?" हे कॅसेट त्याच्या नाकासमोर नाचवत होते.

"अरे, हिचाच! दुसरा कुणाचा असणार?"

"ह्यो बाप्याचा आवाज हाय!"

राधाकृष्णनं कॅसेट हातात घेतली, आपलं हिरवं अक्षर बघितलं, आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. तो मटकन खुर्चीत बसला.

"गहिनी... अजून हीच ऐकतोस?"

"रोज."

"अरे देवा. अरे, तूच नव्हता का म्हणालास? कॅसेट साठ मिनिटांची आणलीस, अल्बम तेवढा नव्हता. आमची रीत काय, उरलेल्या टेपवर दोन-तीन फिल्मी गाणी टाकून द्यायची. तू म्हणालास, दुसऱ्या कुणाचं गाणं ह्याच्या पाठीला लावलं तर बघ. म्हटलं, मग कोरी सोडतो. तू म्हणालास, कोरी सुटली तर मी घेणारच नाही, साठची म्हणजे साठ भरली पाहिजे. आता मी काय करू? रेकॉर्डिंग मशीनच्या मोटारीला मागं एक स्क्रू असतो..."

"मला सांगतूस मोटारीचं?"

"तो फिरवला. मशीन जोरात पळालं, टेप जास्त खाल्ली, अल्बम बरोबर साठ मिनिटं पुरला. मला काय माहीत, घरच्या टेपवर ती हळू वाजून बाईचा बुवा होईल! म्हटलं, थोडा आवाज पडेल. चार दिवसांत ओरडत येईल, तेव्हा दुसरी भरून देऊ. तू आलाच नाहीस. मला वाटलं, खूश आहेस."

ह्यांची मूठ सुटली. तिथंच गाठोड्यासारखे खाली बसले, स्पीकरच्या खोक्याला टेकून. सगळ्या तालुक्याच्या मोटारी फोनवरून ओळखणारा माणूस, आणि घरातली मोटार हळू फिरतीय हे तीस वर्षं ऐकू आलं नाही. मी एरवी सोडलं नसतं, आठवडाभर पुरेल एवढं चिडवलं असतं. पण कुणीतरी वारल्यासारखं तोंड होतं. आणि एका अर्थानं वारलंच होतं की कुणीतरी. तो जाड आवाजाचा दमलेला माणूस कधी नव्हताच.

कार्यक्रम संपला तसं हे प्रकरण कुणीतरी जाऊन किरणताईला सांगितलं. ती हसत हसतच मागं आली. "कुठाय ती कॅसेट? मला मी पुरुष झालेली ऐकायचीय!"

सभागृहात आता टेप कुठली? मग आम्ही सगळे पार्किंगमध्ये आमच्या ओम्नीपाशी गेलो. किरणताई पुढच्या सीटवर बसली, सुकन्या आणि मी मागं, राधाकृष्ण दाराशी उभा. ह्यांनी मान खाली घालून कॅसेट आत सरकवली. सवयीनं पहिलं गाणंच लागलं.

तो ओळखीचा आवाज आला. सावकाश. जाड. दमलेला. किरणताई टाळी वाजवून हसली. म्हणाली, "बाप रे, हे काय!" आणि हसता हसताच थांबली. हात वर करून आम्हाला गप्प केलं. कुणी बोलतच नव्हतं, तरी केलं. टेपच्या जवळ वाकली. मग वाकलीच राहिली. मला दिसलं, तिच्या हातावर काटा आला होता.

"हे माझे पप्पा आहेत," ती म्हणाली.



"हा पप्पांचा आवाज आहे. असाच होता. चर्चमध्ये उपासनेत सगळ्यांच्या खाली त्यांचा एक आवाज असायचा, तो हाच." ती आमच्याशी बोलत होती की टेपशी, कळत नव्हतं. "त्यांनी मला गिटार घरात आणू दिली नाही. असली गाणी म्हणे पोरींची नाहीत. अल्बम निघाला, मी पाठवला. त्यांनी कागदसुद्धा फाडला नाही त्याचा. तसेच गेले. माझी एक ओळ त्यांच्या तोंडून... एक ओळ नाही हो. आणि हे इथं अख्खं गाणं म्हणतायत."

"आख्खा अल्बम म्हनत्यात," आमचे हे हळूच म्हणाले. "मी ऐकलंय. रोज म्हनत्यात."

त्यावर ती बाई जी रडली! एवढ्या लोकांपुढं तीस वर्षांची माफी हसत मागणारी बाई, आमच्या ओम्नीच्या डॅशबोर्डवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. सुकन्यानं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे कुठं बघत होते? आरशात. आरशातून मागं, आपल्या पोरीकडे. असं बघत होते, की जणू ती त्यांना आताच दिसली.

गाणं संपलं. ह्यांनी बटण दाबून कॅसेट काढली. सैल झालेली टेप करंगळीनं फिरवून घट्ट केली. ह्या कॅसेटला मी झाडताना हात लावला तरी माझ्यावर खेकसणारा हा माणूस. ती त्यांनी किरणताईच्या ओंजळीत ठेवली.

"ठेवा ताई. तुमच्या घरातला मानूस हाय."

"अहो नको. तुम्ही काय ऐकाल मग?"

ह्यांनी सहीसुद्धा मागितली नाही.

परतीला निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. टेपची खाच रिकामी. रस्त्यातलं रुईछत्तिशी गाव आलं, गेलं. सुकन्या मागं खिडकीला डोकं टेकून बसलेली. तिचं ते 'संपलं मग' माझ्या कानात घुमत होतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. म्हटलं, आता माझं बोलायचं काम नाही. ज्याचं त्यानं बोलावं.

"सुकन्या," हे रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले.

"काय आण्णा?"

"भाईर जाऊन हुबा व्हतो मी. दाराला कान लावून. ऐकलं तुजं सगळं, मगच मागनं आत आलो." मग गिअर बदलला. "आसं म्हनतीस, तर मला कदी ऐकू का दिलं न्हाईस?"

"दिलं होतं आण्णा," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. "तुम्ही खाली उतर म्हणालात."

ह्यांनी गाडी डावीकडे घेतली. एका लिंबाखाली उभी केली. इंजन बंद केलं. मग माझ्या बाजूची काच वर करायला लावली, आपली केली, हायवेचा आवाज आत येऊ नये म्हणून. दुपारी शटर खाली ओढतात ना, अगदी तसं.

"घरी म्हशीची धार राहिलीय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. म्हन गं."

"घाटाचं?"

"भेळ हाय का ती? पहिल्यापासून म्हन. तुज्या आवाजात."

पोरीनं घसा खाकरला, समोरच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ताल धरला, आणि पहिलं गाणं सुरू केलं. वरच्या पट्टीत, पळवत. आमच्या ह्यांचा हात जुन्या सवयीनं स्टिअरिंगवर सावकाश ठेका धरायला गेला, चुकला, परत धरला, परत चुकला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला आणि नुसतं ऐकलं. चष्मा काढला होता.

गाणं संपलं. आरशात सुकन्या बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि मी देवाचं नाव घेत होते. म्हणा, म्हणा एकदाचं 'वा', आहे काय एवढं त्यात!

'वा' म्हणाले नाहीत. नाक पुसलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "दुसरं."